जाड कातडीचा ढेकूण

ऑस्ट्रेलियात २००० ते २००६ या काळात ढेकणांचा उपद्रव सुमारे ४,५०० टक्क्यांनी वाढला, असं सिडनीच्या वेस्टमीड हॉस्पिटलमधले कीटकतज्ज्ञ स्टीफन डॉगेट आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रसेल यांच्या पाहणीत दिसलं. फवारण्या चालूच होत्या. पण अनेक ढेकूण त्यांना पुरून उरले. २०१६ मध्ये सिडनीच्याच संशोधकांनी एक कारण दाखवलं: औषधाला दाद न देणाऱ्या ढेकणांचं बाह्य कवच जाड असतं, त्यामुळे विष आत झिरपायलाच वेळ लागतो. कातडी जाड असण्याचा असाही फायदा!

घरात ढेकूण आहेत का, याची नुसत्या चाव्यांवरून खात्री होत नाही. काहींच्या अंगावर चट्टा उठतच नाही. टॉर्च घेऊन गादीच्या शिवणी, पलंगाचे सांधे आणि डोक्याकडची फळी तपासा. शाईसारखे काळे ठिपके, टाकलेल्या काती, पांढरी अंडी दिसली की समजा, ढेकूण आहेत. कीटकनाशक धुराचे डबे वापरू नका, धूर फटींत पोहोचत नाही. चादरी ६० अंशांच्या पाण्यात धुवा, गरम ड्रायरमध्ये वाळवा. गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. शिवणींवर वाफ सावकाश फिरवा. उरलेल्यांसाठी जाणकार बोलवावा लागतो, आणि प्रश्न बहुधा एका खेपेत सुटत नाही.