शेषांत्र पिशवीतील बदल

शेषांत्र पिशवी (पाउच) ही लहान आतड्याच्या अखेरच्या भागापासून, म्हणजे शेषांत्रापासून, शस्त्रक्रियेने तयार केलेली मलसाठवणीची पिशवी होय. अल्सरेटिव्ह कोलायटिस या विकारात मोठ्या आतड्याच्या अस्तराचा दीर्घकाळ दाह होऊन त्यावर व्रण पडतात. औषधांनी आजार आटोक्यात न आल्यास मोठे आतडे व गुदाशय काढून ही पिशवी गुदद्वाराला जोडतात. त्यामुळे पोटावर कायमचा कृत्रिम मलमार्ग ठेवावा लागत नाही.

इतिहास

लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील ॲलन पार्क्स आणि निकोल्स यांनी १९७८ मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांची पिशवी तीन पदरी होती. १९८० मध्ये जपानचे जोजी उत्सुनोमिया यांनी इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराची दोन पदरी पिशवी मांडली. आज तीच अधिक प्रचलित आहे.

अस्तरातील बदल

निरोगी शेषांत्रात अन्नरस पुढे सरकत राहतो. पिशवीत मात्र मल साठून राहतो. तेथे ऑक्सिजनविना जगणारे जीवाणू वाढतात. कालांतराने अन्नरस शोषणारे रसांकुर आखूड होतात, त्यांच्या बुडाशी असलेल्या ग्रंथी खोल होतात आणि श्लेष्माचे स्वरूप मोठ्या आतड्यातील श्लेष्मासारखे होऊ लागते. या बदलास ‘कोलॉनिक मेटाप्लासिया’ म्हणतात. तथापि हे रूपांतर अपुरे असते. लहान आतड्याची काही विकरे व गुणधर्म टिकून राहतात.

कार्यावरील परिणाम

पहिल्या वर्षात पिशवीची क्षमता वाढून शौचाची वारंवारता घटते. तरीही दिवसातून सुमारे ४ ते ८ वेळा शौचास जावे लागणे सामान्य मानले जाते. पाणी व मीठ यांचे शोषण मोठ्या आतड्याइतके होत नाही. म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील आर्णीसारख्या, उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जाणाऱ्या भागांत अशा रुग्णांना निर्जलीकरणाचा धोका अधिक असतो. ब-१२ जीवनसत्त्व शेषांत्रातच शोषले जात असल्याने त्याचीही कमतरता उद्भवू शकते.

पाउचायटिस

पिशवीच्या दाहास पाउचायटिस म्हणतात. वारंवार व तातडीची शौचास लागणे, पोटात कळा येणे आणि कधी ताप ही त्याची लक्षणे होत. मोठ्या आतड्यात असंख्य गाठी होणाऱ्या एका आनुवंशिक विकारातही हीच पिशवी करतात. पण त्या रुग्णांत हा दाह क्वचित आढळतो. त्यामुळे केवळ मलसंचय नव्हे, तर मूळ रोगाची प्रवृत्तीही त्यास कारणीभूत असावी, असे मानले जाते. उपचारात मेट्रोनिडाझोल किंवा सिप्रोफ्लोक्सासिन ही प्रतिजैविके वापरतात.

रसांकुरांचे आखूड होणे उत्तम चालणाऱ्या पिशवीतही दिसते. म्हणून लक्षणे, दुर्बिणीतून केलेली तपासणी आणि ऊतीची सूक्ष्मदर्शक परीक्षा यांचा एकत्रित विचार करूनच रोगनिदान केले जाते.