मराठी मॅन्युअलमधली लिंक का तुटते? स्टेशनच्या कोडवरून समजून घ्या

सुरत : उधना, लिंबायत, पांडेसरा भागात खान्देशातून आलेले हजारो मराठी कामगार आहेत. त्यांच्यासाठी यंत्राचं मॅन्युअल मराठीत करायला घेतलं, की एक अडचण येऊ शकते. मजकूर नीट दिसतो, पण 'यंत्र बंद कसे करावे, पाहा' यावर क्लिक केलं तर काहीच उघडत नाही. किंवा तिथे 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं छापून येतं. धोक्याची सूचना अशी हरवली, तर कामगाराच्या हातावर बेतू शकतं.

कारण साधं आहे. प्रत्येक भागाला दोन नावं असतात. आपण वाचतो ते शीर्षक आणि कॉम्प्युटर शोधतो तो आयडी. सुरत स्टेशनच्या पाटीवर नाव अनेक लिप्यांत आहे, पण रेल्वेच्या कॉम्प्युटरला ते फक्त 'एसटी' (आपली लाल बस नव्हे!). उधना 'यूडीएन', नंदुरबार 'एनडीबी'. पाटीवरचं नावच कोड म्हणून वापरलं, की घोळ सुरू.

नियम काय?

- वर्डच्या बुकमार्कमध्ये स्पेस चालत नाही, नाव अंकाने सुरू होत नाही, मर्यादा ४० अक्षरांची.
- एक्सएमएलच्या आयडीतही स्पेस नको, सुरुवातीला 1, 2 असे इंग्रजी अंक नकोत. देवनागरीला मात्र बंदी नाही.
- वेबवर देवनागरी आयडी चालतो, पण कॉपी केलेली लिंक लांबलचक होते. 'दोरा' एवढ्या शब्दाची ३६ चिन्हं होतात.

मराठीचा खास घोळ वेगळाच. 'दोऱ्याचा ताण' यातला 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला र, दुसऱ्यात साधा र आणि न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. मग लिंक जुळणार कशी?

उपाय सोपा आहे. आयडी रोमन लिपीत, छोटा ठेवा. पहिलं अक्षर असावं, मग हवे तर अंक आणि अंडरस्कोर. शीर्षक बदललं तरी आयडी बदलू नका. वर्डमध्ये शेवटी कंट्रोल-ए, मग एफ-९ दाबा आणि 'एरर' शब्द शोधा. नंतरच पीडीएफ करा.

आणि शीर्षक? ते बिनधास्त मराठीतच ठेवा. कोड रोमन आहे म्हणून स्टेशनची पाटी कुणी बदलत नाही.