पनवेल खाडीचा चिखल: 1970 पासून आजवर

खांदा कॉलनीजवळून वाहणारी गाढी नदी पुढे पनवेल खाडीला मिळते. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि इथली भातखाचरं, मिठागरं, खाजणं नवी मुंबई शहराच्या आराखड्यात आली. त्यानंतर काठावर काय उभं राहिलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात त्याच काळात काय घडलं, इकडे मात्र फारसं लक्ष गेलं नाही.

हा चिखल वरून तपकिरी आणि थोडा खाली काळा, गंधकाच्या वासाचा असतो, कारण तिथवर प्राणवायू पोचत नाही. खेकडा बीळ खणतो तेव्हा भरतीचं पाणी आत शिरतं, बिळाच्या भिंतीलगतचा काळा गाळ तपकिरी होतो आणि त्या पातळ कडेत जिवाणू व बारीक कृमी वस्तीला येतात. उकरलेल्या गाळाबरोबर गाडलेला पालापाचोळाही वर येतो आणि दुसऱ्या कुणाचं तरी अन्न होतो. निवटीची बिळंही हेच काम करतात. तिवराची मुळं आजूबाजूच्या मातीत थोडा प्राणवायू सोडतात, वर आलेली श्वसनमुळं पाण्याचा वेग मोडून गाळ बसवतात. मऊ चिखलात कालवांना चिकटायला टणक जागा मिळते ती याच झाडांवर; मग कालवांच्या कपारींत झिंगे आणि लहान खेकडे राहतात. जिताड्याची पिल्लंही अशाच आडोशाच्या पाण्यात वाढतात. क्लाइव्ह जोन्स, जॉन लॉटन आणि मोशे शाचाक यांनी 1994 मध्ये अशा जीवांना परिसंस्थेचे अभियंते म्हटलं. बिळाचं तोंड पाहून चिंबोरी शोधणाऱ्या आपल्या कोळी-आगरी माणसांना या जीवांची कामगिरी त्याआधीपासून ओळखीची होती.

तिवराची ताकद नवी मुंबईला सर्वांत स्पष्ट दिसली ती धारण तलावांत. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवावं आणि ओहोटीला खाडीत सोडावं, यासाठी सिडकोने ते बांधले. पाण्याबरोबर गाळ आला, गाळावर तिवर रुजले, तिवरांनी आणखी गाळ धरला आणि तलावांची कांदळवनं झाली. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर गाळ काढण्याची गरज आणखीच जाणवू लागली. दुसरीकडे मुंबई उच्च न्यायालयाने 2005 आणि 2018 च्या आदेशांनी तिवरांना संरक्षण दिलं. मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. पूर घरात शिरतो, आणि त्या तलावांत आता जिवंत वस्तीही आहे.

तिवर पसरणं सगळ्यांच्याच फायद्याचं नसतं, हेही सांगायला हवं. ठाणे खाडीत मोकळ्या चिखलपट्ट्यांवर कांदळवन चढलं, तशी उघड्या चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची आणि तिथल्या शिंपल्यांची जागा आक्रसली. पनवेल खाडीचं मोठं दुखणं वेगळं आहे: तळोजा औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी कासाडी नदीतून इथे येतं. प्रदूषण वाढलं की खोल खणणारे, सावकाश वाढणारे प्राणी आधी जातात. वरच्या थरात तग धरणारे थोड्या जातींचे कृमी उरतात. त्यांची संख्या प्रचंड असू शकते, पण खालचा गाळ उलटापालटा करणारं कुणी राहत नाही.

खाडीलगतच्या नवी मुंबई विमानतळाला 2010 मध्ये पर्यावरण मंजुरी मिळाली. उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, तिवरांची जागा भरावाखाली गेली आणि बदल्यात वाघिवलीसारख्या ठिकाणी लागवड ठरली. 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. अशा बदली लागवडीत रोपं मोजतात, उपग्रहावरून हिरवं क्षेत्र मोजतात; बिळं मोजायला मात्र ओहोटीला गुडघाभर चिखलात उतरावं लागतं. तरीही ती मोजायलाच हवीत, कारण वरची हिरवाई खालच्या मातीची हमी देत नाही. फ्लोरिडात टॅम्पा उपसागराकाठी लावलेल्या कांदळवनांचा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. वीस वर्षांच्या लागवडीतही खालच्या थरातली माती मूळ कांदळवनाच्या मातीपर्यंत पोचलेली नव्हती.