खांदेरीला होडीतून फेरा

"ज्वालामुखीचं बेट बघायला चाललोय," असं मी फोनवर सांगितलं तेव्हा असोद्याला आमच्या घरी आधी शांतता पसरली. मग आई म्हणाली, "तिकडे कशाले चालला रे बापा? अन् तुले पोहता तरी कुठी येतं?" पोहता येतं की! असोद्याच्या शिवारातल्या विहिरीत पाठीला रिकामा डबा बांधून शिकलोय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच दिलं. पहिल्याचं उत्तर म्हणजे हा लेख.

मित्रांनो, ज्वालामुखी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं धूर ओकणारा डोंगर येतो. मेसमध्ये हा विषय निघाला तेव्हा आमच्या रूमवरच्या मेकॅनिकलवाल्यांनी मला वेड्यात काढलं. "महाराष्ट्रात कुठला आलाय ज्वालामुखी?" तसा धूर ओकणारा नाहीच. भारतात खराखुरा जागा ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट. दीडशेहून अधिक वर्षं झोपलेलं ते बेट १९९१ मध्ये पुन्हा जागं झालं. तिथं उतरता येत नाही, लांबून पाण्यातूनच बघायचं. पण आपला दख्खन? तो सगळाच ज्वालामुखीचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा उसळून चहूकडं पसरला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, मग तिसरा. आजही हा काळा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. (लोणार मात्र ज्वालामुखी नाही बरं का, तिथं उल्का आदळली होती. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.)

आपण खान्देशातली पोरं तर या खडकावरच वाढलो. जामनेर तालुक्यात माझ्या मामाची विहीर खोदताना आधी मुरूम लागला, मग भोकाभोकांचा कच्चा खडक आणि त्याच्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. भोकं म्हणजे लाव्ह्यातले गॅसचे बुडबुडे. त्यात नंतर पांढरे चकचकीत खडे तयार होतात, त्यांना झिओलाइट म्हणतात. लहानपणी आम्ही ते खिशात भरून आणायचो. जळगाव जिल्ह्यातले असे खडे परदेशातले लोक संग्रहासाठी विकत घेतात हे मला सेकंड इयरला इंजिनिअरिंग जिऑलॉजी शिकताना कळलं! असोद्याची काळी माती, जिच्यात कापूस आणि भरताची वांगी येतात, तीसुद्धा याच खडकाची झीज. धुळे-नंदुरबारकडं जाताना माळावर काळ्या भिंतीसारख्या लांबलचक रांगा दिसतात. त्या भेगांत गोठलेल्या लाव्ह्याच्या भिंती, म्हणजे डाइक. तिकडं त्या पूर्व-पश्चिम जातात आणि कोकण किनाऱ्याजवळ बहुतेक उत्तर-दक्षिण.

आता हाच खडक पश्चिमेला जाऊन समुद्रात शिरला की काय होतं? हे बघायला मी खांदेरीला गेलो. माझा रूममेट अलिबागजवळच्या थळचा. परीक्षा संपल्यावर आम्ही सातजण त्याच्या मामांकडं जाऊन राहिलो. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं उंदेरी, त्याच्यामागचं खांदेरी. खांदेरीवर दोन टेकड्या, मध्ये खोलगट भाग, भोवती तटबंदी आणि १८६७ सालचं दीपगृह. सरकारी नाव आता कान्होजी आंग्रे बेट. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यात खांदेरी आहे.

बेट समुद्रात उभं असलं तरी तो समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी नव्हे. पनवेलच्या बाजूपासून लाव्ह्याचे थर पश्चिमेकडं वाकलेत, ते तसेच पाण्याखाली जातात. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. त्या वेळी किनारा खूप पलीकडं होता आणि खांदेरी ही जमिनीवरची साधी टेकडी होती. थळहून चालत जाता आलं असतं! मग बर्फ वितळलं, पाणी चढलं आणि टेकडीची मान तेवढी वर राहिली. म्हणून मला तिथं नुसतं उतरून फोटो काढायचे नव्हते. उतरलं की तटबंदी दिसते, देऊळ दिसतं, पण बेट दिसत नाही. बेट बघायचं तर त्याच्याभोवती फिरायला पाहिजे आणि त्यासाठी अख्खी होडी ठरवायला पाहिजे.

इथं पहिला धडा शिकलो. होडी ठरवताना आम्ही फक्त भाड्यावर घासाघीस केली. मामांच्या ओळखीचे एक नाखवा तयार झाले. होडी मासेमारीची, त्यात ते आणि त्यांचा एक खलाशी. प्रवासी नेणाऱ्या होडीला महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, त्यात किती माणसं बसवायची तो आकडा असतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. बेटावर उतरायची परवानगी आहे का, हे मामांनीच विचारून घेतलं. लाइफ जॅकेट किती, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नाही. होती चार.

दुसरी गोष्ट वेळेची. नाखवा म्हणाले होते, सकाळी सातला निघायचं. का ते ऐका. आमावस्या-पौर्णिमेला आपल्या या किनाऱ्यावर भरती साधारण बाराच्या सुमारास पूर्ण होते आणि मग रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं उशिरा. म्हणून कोळी लोक तिथीला पाऊणनं गुणतात. अष्टमी असेल तर ८ गुणिले पाऊण म्हणजे ६. सहाला भरती, बाराला ओहोटी. कॅल्क्युलेटर नको, टाइड टेबल नको, दिनदर्शिका बस! आम्ही गेलो ती अष्टमीच होती. त्या दिवशी भांगाची भरती असते, पाणी फार चढत-उतरत नाही. उधाणाला पातळी चार मीटरहून जास्त वरखाली होते, अष्टमीला त्याच्या निम्म्याच्या आसपास. सातला निघालो असतो तर होडी किनाऱ्यावरच तरंगत असती.

आणि वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. त्याला मतलई म्हणतात. ऊन चढलं की जमीन तापते आणि उलटा, खारा वारा सुरू होतो. बेटाच्या पश्चिम बाजूनं जायचं तर मतलई असतानाच जावं. तेव्हा काही बिघडलं तरी वारा होडीला खडकापासून लांब नेतो. खाऱ्या वाऱ्यात तोच वारा होडीला खडकावर ढकलतो.

हे सगळं नाखवांनी आदल्या रात्री सांगितलं होतं. आम्ही हॉस्टेलची पोरं. उठलो नऊला. आंघोळी, पोहे, चहा, कुणाचा तरी हरवलेला कॅमेरा. साडेदहाला गुडघाभर चिखलातून होडी ढकलत निघालो. नाखवा काही बोलले नाहीत. नुसतं पश्चिमेकडं बघितलं.

उंदेरी डावीकडं ठेवून पुढं गेलो. जवळून ही बेटं वेगळीच दिसतात. ओहोटीमुळं पाणी उतरलेलं आणि बेटाच्या पायाशी काळ्या खडकाची सपाट पायरी उघडी पडलेली. लाटांनी हजारो वर्षं कापून केलेली. तिच्यावर कालवं चिकटलेली, पाय ठेवला तर कापेल अशी. त्याच्यावर सुटे धोंडे आणि त्यांच्यावर तटबंदी. तटाचा दगड आणि खालचा दगड एकच. डोंगर कुठं संपतो आणि बांधकाम कुठं सुरू होतं ते पटकन कळत नाही. फाउंडेशन डिझाइनचे आमचे सर बरोबर असते तर खूश झाले असते.

इथंच १६७९ साली मोठा झगडा झाला. शिवाजी महाराजांच्या वतीनं मायनाक भंडारी माणसं घेऊन बेटावर आले आणि किल्ला बांधू लागले. मुंबईच्या तोंडावर हा किल्ला होणं इंग्रजांना परवडणारं नव्हतं. त्यांनी जहाजं आणून वेढा घातला, ऑक्टोबरात समोरासमोर लढाई झाली. पण इंग्रजांची मोठी जहाजं खोल बुडणारी आणि वाऱ्यावर अवलंबून, तर मराठ्यांच्या होड्या हलक्या, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वारा पडला तरी वल्ह्यांवर जाणाऱ्या. रात्रीतून रसद पोचायचीच. शेवटी इंग्रजांना तह करावा लागला. उंदेरी मात्र १६८० मध्ये सिद्दीनं बळकावलं आणि मग दोन्ही बेटं एकमेकांवर तोफा रोखून बसली. पुस्तकात हे वाचलं तेव्हा मला फक्त शौर्य दिसलं होतं. तिथल्या पाण्यात होडीत बसल्यावर खोली आणि वारासुद्धा दिसला.

आम्ही पश्चिम बाजूला आलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. किनाऱ्याकडचं शांत पाणी संपलं आणि लांबलचक लाटा आल्या. खारा वारा सुरू झालेला. होडी चांगलीच डुलायला लागली. आणि इंजिनाचा आवाज बदलला. दोनदा खोकल्यासारखं केलं, मग बंद.

इंजिन बंद पडल्यावर समुद्र किती मोठ्यानं आवाज करतो ते तेव्हा कळलं. खडक आमच्यापासून हॉस्टेलच्या गेटपासून मेसइतका लांब असेल आणि आम्ही तिकडंच सरकत होतो. सातात चार मेकॅनिकलचे, चौघंही इंजिनाकडं टक लावून बसलेले. नाखवांनी मात्र इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही. आधी खलाशाकडून नांगर टाकवला. दोरी सळसळत गेली, नांगर थोडा घसरला, मग कुठंतरी कपारीत अडकला आणि होडी वाऱ्याकडं तोंड करून थांबली. त्यानंतर ते इंजिनाकडं वळले.

चार जॅकेटं ज्यांना अजिबात पोहता येत नाही अशा चौघांनी घातली होती. मी किनाऱ्यावरच मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मला येतं." विहिरीत लाटा नसतात. विहिरीत कडेला पायऱ्या असतात. इथल्या कडेला लाट फुटून पांढरी होत होती. आईचा प्रश्न तेव्हा नीट ऐकू आला.

झालं होतं काय, की डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि गंजाचा गाळ साचतो. पाणी डिझेलपेक्षा जड. शांत पाण्यात तो तळाशीच राहतो, होडी डुलली की ढवळला जातो आणि फिल्टरमध्ये जातो. फिल्टर तुंबला की पंप हवा ओढतो. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही. त्यामुळं नळीत हवा असली की पंप नुसता ती हवाच दाबत बसतो, इंजेक्टर उघडण्याइतका दाब तयार होत नाही. आमच्याकडं शेतातलं इंजिन किंवा ट्रॅक्टर असं बंद पडला की म्हणतात, "एअर धरली." मी सिव्हिलचा, पण हे काम वडिलांबरोबर दहादा केलेलं. नाखवांनी फिल्टर उघडला, गढूळ पाणी ओतून दिलं, नवं डिझेल भरलं. मी पाना धरून नट ढिला केला, ते हातपंप मारत राहिले. आधी फेस, मग बुडबुडे, मग सलग डिझेल. नट आवळला. तिसऱ्या हँडलला इंजिन चालू झालं. पंधरा मिनिटं लागली असतील. मला हॉस्टेलच्या एका सेमिस्टरएवढी वाटली.

आता नांगर निघेना. त्यालाही त्यांच्याकडं युक्ती होती. खडकाळ तळावर जाताना दोरी नांगराच्या खालच्या टोकाला बांधतात आणि वरच्या कडीला फक्त बारीक सुतळीनं अडकवतात. अडकला की उलट्या बाजूनं जोरात ओढायचं, सुतळी तुटते आणि नांगर उलटा होऊन सुटतो. मुद्दाम कमकुवत ठेवलेला भाग! आपण याला शिअर पिन म्हणून मार्क मिळवतो.

उरलेला फेरा नाखवांनी थोडं लांबून पूर्ण केला आणि किनाऱ्याकडच्या बाजूला धक्क्यावर होडी लावली. वेताळाच्या देवळात सगळ्यांच्या आधी ते गेले. आमच्यातला एक जण देवाला कधी हात न जोडणारा, तोही मागोमाग गेला. तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या जुन्या तोफा आहेत. आणि तो प्रसिद्ध वाजणारा दगड. लहान दगडानं ठोकला की भांड्यासारखा टणत्कार येतो. जादू नाही. आत भेगा नसलेला एकसंध खडक आणि टेकलेला मोजक्याच ठिकाणी, म्हणून कंपनं विरून न जाता टिकतात. शेजारचा तसाच दिसणारा धोंडा ठोकला तर ठप्प. मामाच्या विहिरीवर खोदकामवाले पहार आपटून नुसत्या आवाजावरून खडक पक्का की कच्चा ते सांगायचे, त्याची आठवण झाली.

परत येताना भरती लागली होती, होडी थेट वाळूपर्यंत आली. उतरल्यावर मी नाखवांना विचारलं, आम्हाला उशीर झाला तेव्हा तुम्ही नाही का म्हणाला नाहीत? ते म्हणाले, "तुम्ही लांबून आलेली पोरं. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याची होडी घेतली असती. त्यापेक्षा मीच बरा." भाड्यात घासाघीस करून जेवढे कमी केले होते तेवढे आम्ही परत दिले.

घरी मी फक्त वाजणाऱ्या दगडाचं सांगितलं. आमचं मासिक दर वर्षी असोद्याला पोस्टानं जातं आणि आई ते पहिल्या पानापासून वाचते. तेव्हा अंक निघाल्यावर आठवडाभर माझा फोन रूममेट उचलणार आहे.