कॅसेटमधली खरखर आणि कूल एडिट

आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या कॅसेट्स पडून आहेत. कुणाच्या आजोबांचं कीर्तन, कुणाच्या मुंजीतली मंगलाष्टकं. त्या कॉम्प्युटरवर घ्यायच्या असतील तर आधी कूल एडिटची गोष्ट वाचा.

नव्वदच्या दशकात विंडोजसोबत येणारा साउंड रेकॉर्डर एका मिनिटात थांबायचा. डेव्हिड जॉन्स्टन या अमेरिकन प्रोग्रामरने लिहिलेलं कूल एडिट आवाज हार्ड डिस्कवरच्या तात्पुरत्या फाइलमध्ये ठेवायचं, त्यामुळे मेमरी कमी असली तरी लांब रेकॉर्डिंग कापता-जोडता यायचं. पण सीडीच्या दर्जाचा स्टीरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो. ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे ६०० एमबी! शिवाय 'अनडू'साठी आणखी जागा. तेव्हाच्या १-२ जीबीच्या डिस्कवर घरातल्या बाकीच्यांनी काय ठेवायचं? पैसे न भरता वापरलं, तर दर वेळी उघडताना सुविधांचे दोनच गट निवडता यायचे. हा छळ होता, पण हुशारीचा.

त्याची खरी करामत खरखर काढण्यात होती. कुणीच बोलत नाही असा एखादा सेकंद निवडायचा आणि 'हीच खरखर' असं प्रोग्रामला सांगायचं. तो त्या तुकड्यातल्या प्रत्येक कंपनसंख्येची पातळी मोजतो आणि मग सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये त्या पातळीखालचं दाबून टाकतो. म्हणून कॅसेट भरताना सुरुवातीची 'रिकामी' जागा कापू नका. तोच नमुना लागतो.

आता धोका. जास्त जोर लावला की 'स', 'श', 'ह' यांची धार खरखरीसोबत जाते आणि माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा ऐकू येतो. त्याच नावाने फाइल सेव्ह केली तर गेलेलं परत येत नाही. कॅसेटची फीतही दर वर्षी जुनी होते आहे, दुसऱ्यांदा वाजेलच असं नाही.

२००३ मध्ये अ‍ॅडोबीने कूल एडिट विकत घेतलं आणि त्याचं ऑडिशन केलं. आज फुकट मिळणाऱ्या ऑडॅसिटीमध्येही खरखर अशीच नमुना देऊन काढतात.

आमच्या आजीच्या ओव्यांच्या दोन फाइल्स आहेत. साफ केलेली नातेवाइकांना पाठवतो. मूळ फाइल वेगळ्या डिस्कवर आहे. तिच्यात मध्येच भाजीवाला ओरडतो आणि आजी ओवी अर्धवट सोडून विचारते, "मेथी कैसी दी, भैया?"