सहीच्या नावाने झालेली मोडतोड

यंदाच्या पावसाळ्यात माझ्या पत्रव्यवहारातल्या शेवटच्या माणसानेही ईमेलवर डिजिटल सही करणं सोडलं. मूळचा सांगलीचा हा मित्र बरीच वर्षं म्युनिकला आहे. त्याच्या नव्या कार्यालयाची मेल व्यवस्था अनोळखी जोडपत्रं वाटेतच काढून टाकते. त्यात सहीची छोटी फाइलही जाते आणि समोरच्याला सही तपासता येत नाही. दर पत्रामागे खुलासा करत बसण्यापेक्षा सहीच नको, असं त्याने कळवलं. त्याला दोष देता येणार नाही. पण त्याने ज्या कारणाने सही सोडली, ते कारण कालपरवाचं नाही. सहीने ज्या मजकुराची राखण करायची, त्याच मजकुराला मेलची यंत्रणा, आणि कित्येकदा खुद्द सही करणारं सॉफ्टवेअर, सुरुवातीपासून हात लावत आलं आहे.

सुरुवातीची वर्षं मी भराभर ओलांडतो, कारण ती कथा पुष्कळदा सांगून झाली आहे. १९९१ साली फिल झिमरमन यांनी ईमेल कुलूपबंद करणारं आणि त्यावर सही करणारं पीजीपी हे सॉफ्टवेअर लोकांच्या हाती दिलं, अमेरिकी सरकारने त्यांच्यामागे चौकशी लावली, १९९६च्या जानेवारीत ती गुंडाळली. पुढे जर्मनीत वेर्नर कॉख यांनी त्याच धर्तीवर मुक्त जीएनयूपीजी लिहिलं आणि १९९९ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. आपल्याकडे १७ ऑक्टोबर २००० पासून माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला, पण त्याने मान्यता दिली ती परवानाधारक संस्थांनी दिलेल्या प्रमाणपत्रांवरच्या सहीला. घरच्या संगणकावर स्वतः तयार केलेल्या पीजीपीच्या किल्लीला कायद्यात स्थान नव्हतं. त्यामुळे आपल्याकडे जे कुणी अशी सही करत, ते हौसेने आणि निष्ठेने करत. या सगळ्या कथेत भर असतो तो गुप्ततेवर. सही मात्र कायम दुय्यम राहिली, आणि माझी तक्रार नेमकी तिथूनच सुरू होते.

सहीचं गणित साधं आहे. मजकुरातल्या प्रत्येक बाइटवरून एक ठसा काढायचा आणि तो आपल्या खाजगी किल्लीने बांधायचा. वाचणारा आलेल्या मजकुराचा ठसा पुन्हा काढतो. दोन्ही जुळले तर पत्र तुमचंच आणि अक्षर न अक्षर तसंच. ओळ एका जागी जास्त तुटली तरी सही बाद.

साधारण २००४ ते २०१४ हे माझं दशक. थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम, त्यावर एनिगमेल हे जोडसॉफ्टवेअर आणि खाली जीएनयूपीजी, असा सरंजाम होता. एनिगमेल २००३ पासून पॅट्रिक ब्रुन्शविग सांभाळत होते. त्या काळी बहुतेक सह्या मजकुरातच केल्या जात: वर आडव्या रेघांत ‘सही केलेला मजकूर सुरू’ अशी इंग्रजी ओळ, मध्ये पत्र, खाली अगम्य अक्षरांचा ठोकळा. या रेघा म्हणजे पाच-पाच हायफन. म्हणून पत्रातली कुठलीही ओळ हायफनने सुरू झाली, तर ती खुणेची ओळ समजली जाऊ नये यासाठी प्रोग्राम तिच्यापुढे आणखी एक हायफन आणि एक मोकळी जागा घालत असे. नियमच तसा होता आणि आजही आहे.

मराठी लिहिणाऱ्याला याचा जाच किती, हे नियम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. आपण कथेतला संवाद हायफनने सुरू करतो. कवितेखाली कवीचं नाव हायफन देऊन लिहितो. यादी करतो ती हायफननेच. सही केलेली कथा ज्याच्याकडे तपासायची सोय नाही अशा माणसाच्या हाती पडली की प्रत्येक संवादापुढे दोन हायफन. त्याने उत्तरात तो मजकूर पुन्हा सही करून पाठवला की तीन. पत्राखालच्या नावपत्त्याआधी मेल प्रोग्राम दोन हायफनची ओळ टाकतात, तीही अशीच बिघडे, आणि मग उत्तर देताना तो नावपत्ता आपोआप गळायचा तो गळत नसे. इंग्रजी पत्रात ‘फ्रॉम’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीवरही हाच प्रसंग, कारण काही मेल यंत्रणा अशा ओळीपुढे आपणहून एक चिन्ह टाकत आणि सही मोडत. तेव्हा जीएनयूपीजी त्याआधीच तिच्यापुढे आपलं हायफन ठेवून देत असे.

ओळींच्या लांबीचं दुखणं याहून मोठं. साध्या मजकुराच्या मेलमध्ये एक सुंदर सोय होती. ओळीच्या शेवटी मोकळी जागा असली तर परिच्छेद पुढे चालू आहे असं समजायचं, म्हणजे वाचणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे ओळी पुन्हा रचता येतात. पीजीपीची मजकुरातली सही मात्र ओळीअखेरची मोकळी जागा हिशेबातच धरत नाही. दोन्ही नियम आपापल्या जागी शहाणे, पण एकत्र नांदायला तयार नाहीत. त्यामुळे सही केलेलं पत्र सहसा ७२च्या आसपास अक्षरांवर कायमचं तुटून निघे आणि मोबाइलच्या अरुंद पडद्यावर एक ओळ पूर्ण, एक ओळ दोन शब्दांची, असं चिंध्या झाल्यासारखं दिसे. ओळ ६८ अक्षरांपेक्षा आखूड ठेवली असेल तर एनिगमेल अडवून विचारी की ती मर्यादा वाढवू का. ठळक, तिरपी अक्षरं वापरून पत्र लिहिलेलं असलं की इशारा येई: सही करायची असेल तर नवं पत्र उघडताना शिफ्ट कळ दाबून धरा. पत्राचा आशय मनात घोळत असताना शिफ्ट कळ कुणाच्या लक्षात राहते? ती सुटली की सजावट उडालेली, कोष्टकाचे स्तंभ एकमेकांत मिसळलेले.

देवनागरीचा भुर्दंड वेगळाच. ईमेलच्या मूळ नियमानुसार एका ओळीत ९९८पेक्षा जास्त बाइट बसत नाहीत. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत आपल्या अक्षराला तीन, मात्रेला तीन, अनुस्वाराला तीन. म्हणजे इंग्रजीत ज्या लांबीचा परिच्छेद सहज निभावतो, त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातच मराठी परिच्छेद मर्यादेला टेकतो. काही जुने मेल सर्व्हर अशी लांब ओळ तोडताना तिथे चक्क एक उद्गारचिन्ह घालत आणि उरलेला मजकूर पुढच्या ओळीवर ढकलत. तोडण्याची जागा एका अक्षराच्या तीन बाइटांच्या मधोमध आली, तर अक्षराच्या जागी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह उमटे.

२०११ साली याचा मला चांगलाच फटका बसला. एका नियतकालिकाकडे लेख सही करून पाठवला होता. छापून आला तेव्हा एका वाक्यातला ‘नाही’ गळालेला होता, आणि त्या एका शब्दाने एका दिवंगत लेखकाबद्दलचं माझं मत उलटं झालं होतं. मी म्हटलं, मूळ मेल तपासा, त्यावर माझी सही आहे. कार्यालयातल्या जाणकाराने तपासलं आणि उत्तर आलं की सही जुळत नाही, तेव्हा मूळ मजकूर कुठला हे सांगता येत नाही. पुरावा म्हणून जी वस्तू मी निष्ठेने जपली, तीच माझ्याविरुद्ध साक्ष देत होती. मी त्यांच्याकडून आलेल्या मेलचा कच्चा मजकूर मागवला आणि माझ्याकडच्या प्रतीशेजारी ठेवून ओळीला ओळ लावून पाहिला. ‘नाही’ दोन्हींत शाबूत होता. फरक होता तो तीन लांब परिच्छेदांत. प्रत्येकात मी कधीही न लिहिलेलं उद्गारचिन्ह, त्यानंतर तुटलेली ओळ. ती तीन चिन्हं काढून ओळी जोडल्या आणि सही तत्काळ जुळली. कार्यालयाला हे सगळं सविस्तर कळवलं. खुलासा कधीच छापला गेला नाही.

त्या दशकातल्या तज्ज्ञांशीही मला हिशेब चुकता करायचा आहे. सही बाद झाली की प्रोग्राम ठळक इशारा दाखवे, पण मजकुरात ढवळाढवळ केली ती भामट्याने की मेल सर्व्हरने, याचा पत्ता लागू देत नसे. विचारायला जावं तर खापर फुटे ते वापरणाऱ्याच्या डोक्यावर. सजावट बंद करा, लांब ओळी लिहू नका, इंग्रजीत लिहा. हा शेवटचा सल्ला मला एकदा नव्हे, अनेकदा मिळाला आणि तो मी कधीही मानला नाही. १९९९ साली अल्मा व्हिटन आणि जे. डी. टायगर यांनी पीजीपीच्या वापरावरचा प्रसिद्ध अभ्यास छापला. बारा जणांना दीड तास दिला तरी त्यांतल्या एक तृतीयांश लोकांनाच पत्रावर बिनचूक सही करून ते कुलूपबंद करता आलं. हे माहीत असूनही पुढची कितीतरी वर्षं दोष माणसांनाच दिला गेला. परिणाम व्हायचा तोच झाला. खोटे इशारे पाहून पाहून लोक खऱ्या इशाऱ्याकडेही बघेनासे झाले. मेलची सत्यता सर्व्हरच्या पातळीवर ठरवणारी डीकेआयएम पद्धत २००७ साली प्रमाणित झाली. तिच्या कर्त्यांनी मोकळ्या जागांमधले फरक सोसणारा एक सैल प्रकार पहिल्यापासून ठेवला. वाटेत मजकूर हलणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

उपाय होता आणि जुना होता. पीजीपी-माइम या पद्धतीत पत्र जसंच्या तसं राहतं आणि सही वेगळ्या जोडपत्रात जाते. २००१च्या ऑगस्टमध्ये तिचं सुधारित प्रमाण आलं. त्यात सही करण्याआधीच मजकूर अशा सांकेतिक रूपात नेला जातो की देवनागरीचं एकेक चिन्ह नऊ साध्या चिन्हांत लिहिलं जातं, ओळी आपोआप आखूड होतात, ओळीअखेरची मोकळी जागाही टिकते. हायफनची भानगड नाही, उद्गारचिन्हाची भीती नाही. हीच पद्धत सगळ्यांनी तेव्हाच उचलली असती तर माझं अर्धं दशक वाचलं असतं. पण कितीतरी मेल प्रोग्रामना ती उघडताच येत नसे, काही कार्यालयीन सर्व्हर पत्राची रचनाच बदलून टाकत, आणि आपण मुकाट्याने मजकुरातल्या सहीकडे परत येत असू.

नंतरची पडझड थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर रेंगाळायला मन धजत नाही. २०१३ साली स्नोडेन प्रकरणाने एकदम कुतूहल जागं झालं, पुण्यातही लोक किल्ली कशी करायची विचारत येऊ लागले. २०१५च्या फेब्रुवारीत जगाला कळलं की जीएनयूपीजी जवळजवळ एकटे कॉख तुटपुंज्या पैशांवर चालवत आहेत. २०१८च्या मे महिन्यात ईफेल नावाची त्रुटी उघड झाली. ती कुलूपबंद मेलमधली आणि सजावटीच्या मजकुरातून शिरणारी. पण सल्ला निघाला की हे सगळं बंद करा, सिग्नल हे संदेशांचं अ‍ॅप वापरा. सुक्याबरोबर ओलंही जळालं. सिग्नल गुप्ततेसाठी उत्तम आहे, पण हे वाक्य अमक्याचंच आहे असं तिसऱ्याला सिद्ध करून दाखवता येऊ नये, अशीच त्याची बांधणी आहे. डीकेआयएम सांगतं ते पत्र कुठल्या सर्व्हरवरून निघालं एवढंच. माणसाने आपल्या शब्दांवर सही करावी आणि दहा वर्षांनी कुणीही ती तपासावी, या गरजेला कुणीच उत्तर दिलं नाही.

२०२० साली थंडरबर्डच्या ७८व्या आवृत्तीत ही सोय आतच आली, एनिगमेलची तिथली कामगिरी संपली. नव्या सोयीने मजकुरातली सही करणं बंद केलं, हे तिचं मोठं पुण्य. पण तोवर मंडळी पांगली होती. जी उरली त्यांच्यातही २०२३-२४मध्ये दुफळी पडली. ओपनपीजीपीचं नवं प्रमाण जुलै २०२४मध्ये आलं आणि जीएनयूपीजीने लिब्रेपीजीपी नावाची वेगळी वाट धरली. एवढ्याशा घराच्या दोन चुली कुणाच्याही कामाच्या नाहीत, हे दोन्ही बाजूंना सांगायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे. सही करणाऱ्या सॉफ्टवेअरला लेखकाच्या मजकुरात एक मोकळी जागाही बदलायची असेल, तर तो बदललेला मजकूर सही करण्याआधी त्याच्यासमोर ठेवलाच पाहिजे. आणि सही बाद झाली तर कुठली ओळ कशी हलली असावी, एवढं तरी वाचणाऱ्याला सांगायला हवं. ओळी तुटल्याच्या, जागा गळाल्याच्या ठरावीक खुणा यंत्राला शोधता येतात. माणसाला त्या हाताने शोधाव्या लागत होत्या.

ज्यांच्याकडे त्या काळातली सही केलेली पत्रं अजून असतील, त्यांना एक विनंती. ती कॉपी करून वर्डमध्ये किंवा पीडीएफमध्ये ठेवू नका, त्यात ओळी हलतात आणि सही जाते. मेल प्रोग्राममधून ती ईएमएल फाइल म्हणून मूळ रूपात उतरवा, आणि सोबत पाठवणाऱ्याची तेव्हाची सार्वजनिक किल्लीही ठेवा. एमडी५ पद्धतीने केलेल्या जुन्या सह्या जीएनयूपीजी आताच मान्य करत नाही. बाकीच्या जोवर तपासता येतात, तोवर हे काम उरकून घ्या.