वाकस, रंधा आणि गिटारची मान

वाद्याचे निरनिराळे अवयव निरनिराळ्या इंद्रियांच्या स्वाधीन असतात. तबलीची पारख कान करतो, नक्षीची आणि रोगणाची डोळा करतो. परंतु ज्या लांब, निमुळत्या दांडीवर तारा दाबून स्वर काढले जातात त्या मानेची पारख वादकाच्या डाव्या तळहातावाचून कोणालाही करता येत नाही, कारण वादन चालू असेपर्यंत तो तळहात तिला क्षणभरही सोडीत नाही. जो अवयव सर्वस्वी हातासाठी आहे तो हातानेच घडवावा हे मला म्हणूनच केवळ हौसेचे नव्हे, तर सयुक्तिक वाटते. आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत गिटार करण्याचा वंशपरंपरागत धंदा नसला, तरी या कामास लागणारी लाकडे, हत्यारे आणि हाताचे वळण ही तिन्ही येथे आहेत, हे वाचकांच्या नजरेस आणावे अशी माझी इच्छा आहे.

माहुलीच्या पायथ्यापासून तानसा आणि भातसा यांच्या पाणलोटापर्यंत, आणि तिकडे सिद्धगडापासून माळशेजच्या कड्यांखालपर्यंत साग, ऐन, शिवण, शिसव यांची वनश्री पसरलेली आहे, आणि तिच्या आश्रयाने गावोगावचा सुतार पिढ्यान् पिढ्या बलुत्यावर जगला. नांगराचे रुमणे, कुऱ्हाडीचा दांडा, बैलगाडीच्या चाकाचे आरे ही त्याची रोजची कामे. आणि यांतील पहिली दोन कामे अशी की वस्तू तयार झाल्यावर ती धरणाऱ्या हाताला रुचली पाहिजे. रुमण्याची मूठ औत हाकणाऱ्याच्या उंचीला यावी, दांडा तळहातात फिरू नये म्हणून त्याची गोलाई पूर्ण वर्तुळाकार न ठेवता किंचित लांबट ठेवावी, हे ज्ञान कोणत्याही दस्तऐवजात नोंदलेले नव्हते. ते वाकसाच्या घावाघावातून मुलाच्या हाती उतरत होते. गिटारची मान तासणाऱ्याला नेमके हेच ज्ञान लागते, आणि रुमणे घडविणाऱ्या हाताला ते नव्याने शिकवावे लागत नाही, अशी माझी खात्री आहे.

लाकडाचा प्रश्न थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. सागाचे झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीत उभे असले तरी १९६४ च्या वृक्षतोडविषयक कायद्यान्वये ते परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि तोडलेला माल हलवायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो. हा बंदोबस्त योग्यच आहे. परंतु जुनी कौलारू घरे उतरवून त्यांच्या जागी सिमेंटची घरे उभी राहू लागल्यापासून ज्या तुळया आणि खांब निकामी म्हणून परसात पडून राहतात, त्यांत अनेक पावसाळे आणि अनेक उन्हाळे सोसून पूर्णपणे निवलेला साग दडलेला असतो, आणि त्याहून भरवशाचा साग वाद्यकाराला मिळणे कठीण. त्याचे दोष मात्र जाणून असावे. तो वजनाला भारी असल्यामुळे मान जाड राहिली तर गिटार डोक्याच्या बाजूला झुकते; त्याच्या अंगच्या तेलामुळे सरस धरत नाही, म्हणून जोडाचा पृष्ठभाग चिकटविण्यापूर्वी नुकताच तासलेला असावा लागतो; आणि त्याच्या पेशींत वाळूचाच अंश असल्यामुळे तो हत्याराची धार झपाट्याने खातो. शिवण याच्या उलट: हलकी, तासायला मऊ आणि एकदा वाळली की सहसा न वाकणारी. शिसव ही मानेपेक्षा तिच्यावर बसवावयाच्या, पडदे ठोकलेल्या पट्टीसाठी जगभर नावाजलेली आहे. तिच्या सर्व जातभाईंचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ च्या जानेवारीपासून दाखल्यांच्या निर्बंधाखाली आला, तेव्हा वाद्यांसह परदेशी जाणाऱ्या वादकांची मोठी अडचण झाली होती. तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली ती २०१९ च्या नोव्हेंबरात.

या विषयात आपल्याकडचे खरे विद्यापीठ मिरज आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी, संस्थानी शस्त्रांचा बाजार अव्वल इंग्रजीत ओसरू लागल्यावर, सतारी आणि तंबोरे करण्याकडे आपले कसब वळविले; त्यांतील फरीदसाहेबांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाचा मिरजेतील निवास यांमुळे या धंद्याला जी प्रतिष्ठा लाभली, तिच्यावर २०२४ साली भौगोलिक मानांकनाची राजमुद्रा उमटली. तेथील भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि दांडीसाठी तून नावाचे तांबूस, हलके लाकूड पसंत केले जाते. ज्या लाकडाची मान स्पेनमधील गिटारकार परंपरेने वापरतात तो अमेरिका खंडातील सुगंधी वृक्ष आणि आपला तून हे दोघे निंबाच्या कुलातले असून वनस्पतिशास्त्रज्ञ एके काळी त्यांची गणना एकाच प्रजातीत करीत असत. अंटोनियो दे तोर्रेस याने एकोणिसाव्या शतकात गिटारला जे आजचे रूप दिले आणि त्याच शतकात मिरजेत तंबोऱ्याला जी सुबकता आली, त्या दोहोंच्या माना अशा सोयऱ्या लाकडांतून निघाल्या, ही गोष्ट मला फार आनंद देते.

दोन्ही मानांत एक मोठे अंतर आहे. तंबोऱ्याची दांडी आतून कोरून पोकळ करतात आणि वरून सपाट पट्टीने झाकतात. गिटारची मान भरीव असते, कारण पोलादी सहा तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो वजनाइतका भरतो आणि तो ती वर्षानुवर्षे पेलत राहते. या ताणाने मान पुढे वाकू नये म्हणून तिच्या पोटात लोखंडी सळई बसवून ती बाहेरून पिळण्याची युक्ती अमेरिकेतील गिब्सन कारखान्याच्या थॅडियस मॅकह्यू याने काढली आणि १९२३ मध्ये तिचे पेटंट झाले. तरी मार्टिनसारख्या जुन्या कारखान्याने पिळता येणारी सळई स्वीकारली ती १९८५ साली. नायलॉनच्या तारांचा ताण बराच कमी असल्यामुळे स्पॅनिश गिटारला बहुधा सळई लागतच नाही. तेथे सारा भार सरळ रेशाच्या लाकडावर असतो. म्हणून तुळईतून फळी काढताना रेशे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड धावतात की मध्येच कडेला बाहेर पडतात, हे पाहण्यात घालविलेला वेळ कधीही वाया जात नाही.

प्रत्यक्ष तासणीचा क्रम सांगायचा तर मध्यरेषा ही त्यातील पहिली प्रतिज्ञा होय. ती एकदा आखली की शेवटपर्यंत पुसू द्यायची नाही. वरचा पृष्ठभाग रंध्याने सपाट करून, बाजूंची निमुळती आकृती, म्हणजे शिराकडे सुमारे ४३ मिलिमीटर आणि धडाकडे सुमारे ५५, करवतीने व रंध्याने साधली की मागील बाजू उरते, आणि सगळा आनंद त्या मागील बाजूत साठविलेला आहे. आधी दोन्ही टोकांजवळ इष्ट जाडी पटाशीने व कानशीने नेमकी कायम करावी, ती २१ ते २३ मिलिमीटरच्या आसपास असते, आणि मग मधला भाग त्या दोन ठाण्यांना जुळवून घ्यावा. यानंतर चौकोनी दांडीच्या कडा तिरप्या तासून पैलू पाडावयाचे, त्या पैलूंच्या कडा पुन्हा तासून अधिक पैलू पाडावयाचे, आणि असे करीत करीत शेवटी पैलू इतके बारीक होतात की ते डोळ्याला दिसेनासे होऊन केवळ बोटाला जाणवतात. येथे दोन्ही बाजूंना मुठी असलेला एक लहानसा रंधा, जो विलायतेत चाकांचे आरे तासण्यासाठी निघाला आणि स्पोकशेव्ह या नावाने मिळतो, तो अंगाकडे ओढला असता लाकडाचा जो लांब, अखंड कीस निघतो आणि त्यासरशी जो बारीक, सलग आवाज होतो, त्यात मन इतके रमते की दुपार कधी कलली हे कळत नाही. मान जेथे धडाशी आणि शिराशी वळते तेथे मात्र रेशाची दिशा उलटते. तेथे रंधा हट्टाने चालविला तर लाकूड उचकटते, म्हणून वळणाच्या दोन्ही उतारांवरून खाली येत राहावे आणि मधला अवघड भाग दातेरी कानशीवर सोपवावा.

हे सर्व धारेवर अवलंबून आहे. बोथट हत्याराने केलेली गोलाई ही दाबलेली गोलाई असते, तासलेली नव्हे. सागावर काम करणाऱ्याला तर घटकेघटकेला थांबून पाते निसण्यावर पाजवावे लागते. शिकलगारांची घराणी शस्त्रांकडून वाद्यांकडे वळली तेव्हा धार लावण्याची विद्या त्यांनी बरोबर आणली होती, याचे महत्त्व हे पाते पाजविताना समजते. कारखान्यातील संगणकीय यंत्र काही मिनिटांत निर्दोष मान कोरून काढते, आणि स्वस्त गिटारी त्याच्यामुळेच खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती आल्या, याबद्दल त्याचे ऋण मान्य केले पाहिजे; पण ते यंत्र हजारांना एकच मान देते. आखूड बोटांच्या मुलीसाठी अंगठ्याच्या बाजूचा खांदा अर्धा मिलिमीटर उतरविणे हे तिला समोर बसवून, मान तिच्या हातात देऊन, पुन्हा परत घेऊन तासणाऱ्यालाच जमते.

आमच्या भागात एक पथ्य अधिक पाळावे लागते. कसाऱ्याच्या आणि माळशेजच्या तोंडाशी पावसाळ्यात हवा इतकी ओलसर असते की लाकूड फुगते, आणि वैशाखात तेच आक्रसते. म्हणून ढोबळ तासणी उन्हाळ्यात करून मान थोडी जाड ठेवावी, पावसाळाभर ती घरात कोरड्या जागी उभी टांगावी, ती जेवढी वाकायची तेवढी वाकू द्यावी, आणि दिवाळीनंतर वरचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करून मगच शेवटचे माप घ्यावे. मागील बाजूवर जाड वार्निश चढवू नये. कोकणच्या दमट हवेत घामाने ते चिकट होते आणि अंगठा अडखळतो. जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात, प्रत्येक पूर्ण वाळल्यावर पुढचा, आणि त्यावर थोडे मेण एवढे पुरते, आणि ते दरवर्षी पाऊस उघडला की फडक्याने पुन्हा द्यावे.